माझ्या आईनं ॲसिड ‘घेतलं’ नव्हतं

प्रति,
नागपूर शहर आणि जिल्ह्यातल्या सरकारी व खाजगी रुग्णालयांचे अधीक्षक,
तिथले वैद्यकीय नोंद विभाग,
आणि या नोंदींवरून राज्याचे आकडे तयार करणारं आरोग्य खातं

विषय: घरगुती सफाईच्या रसायनांनी झालेल्या विषबाधेच्या चुकीच्या निदान-नोंदी

महोदय, महोदया,

आईच्या फाईलवरचा चुकलेला निदान-कोड दुरुस्त करून द्या, असा अर्ज मी रुग्णालयाकडे केला होता. त्याला गेल्या महिन्यात दीड ओळीचं उत्तर आलं: ‘रुग्णास सुट्टी दिल्यानंतर नोंदीत बदल करण्याची तरतूद नाही.’ सही, शिक्का, जावक क्रमांक सगळं जागच्या जागी. रुग्णालयाचं नाव मी इथे लिहीत नाही. एकाशी भांडून हे मिटणार नाही, हे मला माझ्या कामामुळेच कळतं. म्हणून पत्र तुम्हा सगळ्यांना, आणि उघड.

काम सांगते. मी मेडिकल कोडर आहे. नागपुरात बसून, बहुतेकदा रात्रपाळीत, अमेरिकेतल्या रुग्णांचे चार्ट वाचते आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला कोड लावते. तिकडे १ ऑक्टोबर २०१५ पासून दहावी आवृत्ती लागू आहे, तीही त्यांनी स्वतःसाठी वाढवून घेतलेली. तिकडच्या एखाद्या पोरानं बाथरूम साफ करायचं ॲसिड चुकून तोंडाला लावलं, तर मी टी५४.२एक्स१ए असा सात खुणांचा कोड लावते. टी५४ म्हणजे जाळणारा पदार्थ, पुढचा २ म्हणजे आम्ल, १ म्हणजे अपघातानं, शेवटचा ए म्हणजे या दुखण्यावर उपचार सध्या चालू आहेत. त्या १ च्या जागी २ लावला तर अर्थ होतो, स्वतःहून. एवढासा आकडा, पण तो मनानं लावला आणि ऑडिटमध्ये सापडला तर माझी अचूकता घसरते आणि टीम लीडर जागेवर येऊन उभा राहतो. चार्टमध्ये गोंधळ असेल तर डॉक्टरला क्वेरी पाठवायची, अंदाज करायचा नाही, हे आम्हाला ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात.

अशी दुसऱ्यांच्या आजारांची वर्षानुवर्षं नीट नोंद करणाऱ्या बाईच्या आईची नोंद तिच्याच गावात चुकली.

एप्रिलचा पहिला आठवडा होता. नागपुरातल्या प्रत्येक घरी त्या दिवसांत जे चालतं तेच आमच्याकडे चाललं होतं: कूलर बाहेर काढणं, जुन्या ताट्या फेकणं, पंपाला तेल देणं, टाकीत साचलेला क्षारांचा पांढरा थर खरवडणं. तो थर ब्रशनं निघत नाही. त्यासाठी गल्लीत सायकलवर ‘ॲऽऽसिड, फिनाऽऽईल’ ओरडत येतो त्याच्याकडून एक बाटली घ्यायची. तीस रुपये. बाटली कोल्ड्रिंकची, लेबल खरवडून काढलेलं, झाकण मात्र जुन्याच कंपनीचं, लाल. आतला द्रव पाण्यासारखा. वहिनीनं अर्धी बाटली वापरली आणि उरलेली खिडकीच्या कट्ट्यावर कूलरच्या मागे ठेवली. त्याच कट्ट्यावर आईची पाण्याची बाटली असते. तीही कोल्ड्रिंकची, तीही लाल झाकणाची.

आई गच्चीवर कुरडया घालून खाली आली. उन्हातून आलेल्या माणसाला घरातला अंधार काही क्षण आंधळं करतो. तिनं बाटली उचलली, झाकण काढलं आणि एक घोट घेतला. दुसरा घेतला नाही. उरलेलं तिनं तिथेच थुंकलं आणि ते फरशीवर फसफसलं. त्या फरशीवर अजून तळहाताएवढा फिका डाग आहे.

शेजारच्या काकूंनी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला लावली. त्यांना दोष देत नाही, आपल्याकडे विष म्हटलं की उलटी हेच डोक्यात येतं. पण जाळणारं रसायन उलटीबरोबर वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतं. उलटी काढू नये, तोंड धुवावं, बाटली सोबत घेऊन निघावं. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा टोल फ्री क्रमांक आहे. ही माहिती मला तेव्हा होती का? नव्हती. विषबाधेचे कोड मला पाठ आहेत, हा नंबर नव्हता.

आता ज्या क्षणासाठी हे पत्र लिहिते आहे तो. दुपारचे अडीच, कॅज्युअल्टी तुडुंब भरलेली. रेसिडेंट डॉक्टरनं विचारलं, ‘काय झालं?’ दादा धापा टाकत म्हणाला, ‘ॲसिड पेलं जी तिनं.’ खरं तेच बोलला. आपल्या बोलीत ‘पेलं’ म्हणजे प्यायलं. चुकून की मुद्दाम, हे त्या क्रियापदात नसतं. डॉक्टरनं इंग्रजीत लिहिलं, ‘हिस्ट्री ऑफ कन्झम्प्शन ऑफ ॲसिड’. तिथून ते नर्सच्या कागदावर ‘ॲसिड घेतले’ असं उतरलं. आणि विष ‘घेतलं’ म्हणजे मराठीत काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. औषध घेतात, चहा घेतात, आणि जगायचं नसेल तर विष घेतात. तीन माणसांनी तीन ओळी लिहिल्या, प्रत्येकानं आपल्या परीनं बरोबर, आणि शेवटी डिस्चार्ज कार्डावर एक्स६९ उतरलं (मूळ आवृत्तीत हेतूसाठी असा वेगळा कोड असतो): इतर रसायनांनी स्वतःहून केलेली विषबाधा.

आईला पाच दिवस बोलता येत नव्हतं. पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा तिनं वहीवर लिहून दिलं. त्यात अपघात स्पष्ट आहे आणि पोलिसांनीही अपघातच नोंदवला. म्हणजे एकाच घोटाबद्दल दोन सरकारमान्य कागद आज अस्तित्वात आहेत आणि ते एकमेकांना खोटं पाडतात. कोडचा अर्थ मी तिला सांगितला तेव्हा तिनं वहीवर एवढंच लिहिलं: ‘मी काय मराले निघाली होती का?’

यातून काय काय झालं ते सांगते, म्हणजे ‘कोडनं काय फरक पडतो’ हा प्रश्न परत ऐकावा लागणार नाही.

पैसा आधी. विमा कंपनीनं दावा नाकारला, कारण जाणूनबुजून स्वतःला केलेली इजा पॉलिसीच्या अपवादांत आहे. टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेच्या, माणसानं पोलिसांचा जबाब बघितलासुद्धा नाही. म्हणाला, ‘मॅडम, डिस्चार्ज कार्डावर जे आहे तेच सिस्टिममध्ये जाते.’ त्याचं बरोबर आहे. मीही रोज तेच करते.

दुसरं, घर. सासूनं ॲसिड घेतलं असं कागदावर आलं की पुढचा प्रश्न सुनेकडे वळतो. नातेवाईक भेटायला आले, सफरचंदं ठेवली, आणि जाताना दारात माझ्या कानाशी, ‘घरात काही झालं होतं का गं?’ वहिनी आतल्या खोलीत सगळं ऐकत होती. बाटली तिनंच ठेवली होती, त्याचं ओझं तिला आधीच पुरेसं होतं. त्यात तुमच्या त्या कोडची भर. आईच्या आजारपणातलं मला सर्वांत जास्त काय छळतं असं विचाराल तर हेच. घशापेक्षाही.

तिसरं, उपचार. जळालेली अन्ननलिका साधारण तीन आठवड्यांनंतर आकसायला लागते. आईची आकसली. आता ठरावीक दिवसांनी एंडोस्कोपीच्या खोलीत जाऊन ती नळी रुंद करून घ्यावी लागते. पोळी तिला गिळता येत नाही, भात चांगला घोटून द्यावा लागतो. दुसऱ्या रुग्णालयात गेलो की फाईल उघडते, पहिल्या पानावर एक्स६९, आणि डॉक्टर आधी मानसोपचार विभागाची चिठ्ठी लिहायला घेतात. मानसोपचाराला माझा विरोध नाही, ज्याला गरज आहे त्याला तो मिळालाच पाहिजे. पण प्रत्येक वेळी त्या बाईनं आधी आपण मरायला निघालो नव्हतो हे सिद्ध करायचं आणि मग घशाचं सांगायचं, हे काय आहे?

तुमची बाजू मला ठाऊक आहे. खरोखर विष घेतलेल्या माणसाचे नातेवाईकही ‘चुकून’च म्हणतात. बदनामीच्या भीतीनं म्हणतात, पोलिसांच्या भीतीनं म्हणतात. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नं आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर तीव्र ताण होता असंच गृहीत धरायला सांगितलं, त्याला शिक्षा नको म्हटलं. तरी ती भीती अजून गेलेली नाही. म्हणून ‘चुकून’ हा शब्द ऐकला की डॉक्टरच्या मनात शंका येणार, आणि ती शंका अनाठायी नाही. पण शंका आली तर विचारा. रुग्ण बोलू शकत नसेल तर वही द्या. विचारूनही ठरवता येत नसेल तर त्यासाठी वर्गीकरणात वाय१९ हा हेतू अनिश्चित असल्याचा कोड आहे. आणि हेतूबद्दल काहीच लिहिलेलं नसेल तर? जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या आवृत्तीत वाय१० ते वाय३४ या गटाच्या माथ्यावरच टीप आहे की अशी विषबाधा या अनिश्चित गटात घालू नये. अमेरिकेची सूचना तर सरळ आहे: हेतू लिहिलेला नसेल तर अपघात धरा. म्हणजे नुसत्या ‘कन्झम्प्शन’ या शब्दावरून एक्स६९ पर्यंत पोचायचा रस्ता कोणत्याच पुस्तकात नाही. तो कोणाच्या तरी मनात होता. बाई आहे, वय अठ्ठावन्न आहे, ॲसिड आहे, मग दुसरं काय असणार.

माझ्या आईपुरतंच हे असतं तर मी वकील केला असता. पण याच दिवसांत ओळखीच्या दोन घरांतली डिस्चार्ज कार्डं मी मागून पाहिली. एका चार वर्षांच्या मुलानं फिनाईल प्यायलं होतं, एका मावशींनी ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र ओतलं आणि धुरानं त्यांचा श्वास कोंडला. दोन्ही कार्डांवर एकच कोड, टी६५.९. अर्थ: न सांगितलेल्या पदार्थाचा विषारी परिणाम. मुलाची आई फिनाईलची बाटली पिशवीत घालून घेऊन गेली होती, टेबलावर ठेवली होती. ‘न सांगितलेला’ पदार्थ तिथे समोर उभा होता.

हे सगळं एकच ‘पॉयझन’ नाही, हे डॉक्टरांना माझ्याहून जास्त कळतं, तरी वाचकांसाठी लिहिते. फरशी आणि संडासाचं ॲसिड म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल, ते टी५४.२ मध्ये जातं. तुंबलेला पाईप मोकळा करायची पावडर म्हणजे कॉस्टिक सोडा, अल्कली, टी५४.३. आम्ल ऊतींवर कडक खपली धरतं, अल्कली त्या विरघळवत खोल जाते. काळ्या फिनाईलमधल्या फिनॉलच्या जातीच्या द्रव्यांसाठी टी५४.० आहे, आणि ती रक्तात भिनून झटकेही आणू शकतात. पांढऱ्या फिनाईलमधलं पाईन तेल उलटीत फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया. साबण आणि डिटर्जंट टी५५. रॉकेल टी५२.०. ब्लीचमध्ये आम्ल ओतलं की सुटतो तो क्लोरीन वायू, टी५९.४. त्या मावशींच्या कार्डावर हा हवा होता. भाजलेल्या अन्ननलिकेसाठी टी२८.६ वेगळा द्यायचा असतो, आईच्या कार्डावर तोही नाही.

अपघाताचा कोड एक्स४९, त्याचं नावच ‘इतर व न सांगितलेली रसायनं’ असं आहे. त्यात ॲसिडही येतं, डिटर्जंटही येतं. पदार्थ कोणता हे फक्त टी-कोडवरूनच कळतं. तिथेच तुम्ही टी६५.९ लिहिलंत तर दोन्ही कोड मिळून एवढंच सांगतात की कोणाला तरी कशानं तरी काहीतरी झालं. या असल्या नोंदींतून आरोग्य खातं कसले आकडे काढणार? मृत्यू झाला तर निदान कारणाचं प्रमाणपत्र असतं, पोलिसांचे कागद असतात. पण घसा जळून जगलेली माणसं फक्त तुमच्या फाईलींतच असतात. तिथे नसली तर कुठेच नसतात.

विदर्भाला तरी हे नव्यानं सांगायला लागू नये. २०१७ साली यवतमाळात फवारणी करताना शेतकरी, शेतमजूर कीटकनाशकानं दगावले तेव्हा विशेष तपास पथक नेमलं गेलं, कारण रुग्ण एकामागून एक येत होते आणि कारणाला नाव होतं. ॲसिडच्या बाटल्यांची माणसं अशी एकत्र येत नाहीत. आज एक सरकारी मेडिकल रुग्णालयात, उद्या एक सरकारी मेयो रुग्णालयात, परवा एखाद्या खाजगी दवाखान्यात. त्यांना एकत्र आणणारी जागा फक्त कोड.

आणि तो सायकलवाला? सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१३ मध्ये ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर अटी घातल्या: घेणाऱ्याचं नाव-पत्ता नोंदवहीत हवा, फोटोचं ओळखपत्र हवं, घेण्याचं कारण हवं, अठराखालच्यांना विक्री नाही, मोडल्यास पन्नास हजारांपर्यंत दंड. ते ॲसिडहल्ले रोखण्यासाठी होतं. आमच्या गल्लीत मात्र लाल झाकणाची बाटली हाक मारली की दारात येते. माझा राग त्या माणसावर नाही, तोही पोटासाठीच फिरतो. पण कोल्ड्रिंकच्या बाटलीतून किती जण भाजले हे कोणाला मोजताच येत नसेल, तर त्या बाटल्या थांबवा असं कोणाला आणि कशाच्या जोरावर सांगायचं?

तेव्हा माझ्या मागण्या. जास्त नाहीत, आणि बहुतेकांना पैसाही लागत नाही.

एक. कॅज्युअल्टीच्या कागदावर विषबाधेसाठी तीन प्रश्न मराठीत छापा: पदार्थ कोणता, कोणत्या बाटलीतून, आणि चुकून की स्वतःहून की सांगता येत नाही. उत्तर देणाऱ्याचं नातं लिहा. रुग्णानं स्वतः सांगितलं असेल तर तसं लिहा. फक्त ‘कन्झम्प्शन’ लिहिणं बंद करा.

दोन. बाटली आणली असेल तर तिचा फोटो फाईलला लावा. मोबाईल प्रत्येक रेसिडेंटच्या खिशात आहे.

तीन. डॉक्टरनं हेतू लिहिलेला नसेल तर नोंद विभागानं एक्स६९ लावायचं नाही. क्वेरी पाठवायची. जिथे शिकलेला कोडर नाही आणि डेटा एन्ट्रीवाला मुलगाच हे काम करतो, तिथे त्याला निदान आठवडाभराचं प्रशिक्षण द्या. नागपुरात हे शिकवणारे क्लास कमी नाहीत, आम्ही शिकून परदेशाला सेवा देतोच आहोत.

चार. चुकीची नोंद दुरुस्त करायची लेखी पद्धत ठरवा आणि तिला तीस दिवसांची मुदत घाला. खाडाखोड करा असं म्हणत नाही. जुनी नोंद तशीच ठेवून खाली तारीख-सहीनिशी दुरुस्ती लिहिता येते, बँकेच्या खातेवहीत येते तशी. आणि रुग्णानं मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यावीत हा २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेतला नियम निदान ओळखीचा करून घ्या. आम्हाला ती मिळायला एकोणीस दिवस लागले.

पाच. आरोग्य खात्यानं नागपूर जिल्ह्यातले टी५४, टी५५ आणि टी६५.९ यांचे आकडे दरवर्षी जाहीर करावेत, नावांशिवाय. टी६५.९चा आकडा मुद्दाम मागते आहे. तो जितका मोठा, तितकं कोणी विचारलं नाही असं समजायचं.

सहा. ते आकडे अन्न व औषध प्रशासनाला, पोलिसांना आणि महापालिकेला द्या. कोल्ड्रिंक आणि पाण्याच्या बाटल्यांत ॲसिड, फिनाईल विकणं बंद करण्याचं काम त्यांचं आहे, पण आधी त्यांच्या टेबलावर काहीतरी जायला हवं.

वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर होऊन १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली आहे. ती आपल्याकडे येईल तेव्हा हे सगळं आपोआप सुधारेल, असं मला एका कार्यालयात सांगण्यात आलं. पुस्तक नवं आलं तरी कॅज्युअल्टीत प्रश्न कोणीतरी विचारावाच लागेल.

राहता राहिली आईची फाईल. मला टी५४.२, टी२८.६ आणि एक्स४९ हवेत, एक्स४९ पुढे घर दाखवणारा शून्य. त्यासाठी मी दुसरा अर्ज केला आहे. पान एकवर डिस्चार्ज कार्ड, पान दोनवर पोलिसांसमोरचा जबाब, पान तीनवर आईच्या वहीचं ते पान. पान चारवर दादानं त्या दुपारी मोबाईलवर काढलेला फोटो आहे: खिडकीचा कट्टा, कूलर, आणि शेजारी शेजारी लाल झाकणाच्या दोन बाटल्या. त्यातली पाण्याची कोणती, हे फोटो बघून सांगता येत असेल तर मला कळवा.

आपली,
एक नागपूरकर मुलगी, पेशानं मेडिकल कोडर